हजेरी नंबर एकोणऐंशी

अनसूयाबाई पुराणिक भाजी हिंदीत घ्यायच्या, टांगेवाल्याशी हुज्जत हिंदीत घालायच्या, शेजारणीशी दोन हात करायचे तर तेही हिंदीतच. पण मोजायच्या मात्र मराठीत. उज्जैनच्या मराठी माणसाचं हे असंच. जीभ हिंदी होऊन जाते, आकडे आईच्या घरचे राहतात. कुणी 'पैंतीस' म्हटलं की बाई मनातल्या मनात 'पस्तीस' म्हणून घ्यायच्या आणि मगच पुढचं बोलायच्या. अकरा वर्षं त्यांचं काही अडलं नाही, कारण त्या मराठी शाळेत शिकवत होत्या.

ती नोकरीही त्यांना आकड्यांवरच लागली. एकोणीसशे सेहेचाळीस साली, ग्वाल्हेर संस्थान अजून उभं होतं तेव्हा, मुलींच्या मराठी शाळेत एक जागा रिकामी झाली. अनसूयाबाई धारहून आलेली सून, सातवी पास, वय पंचवीस, घरी बसून कंटाळलेली. मुख्याध्यापिकेनं विचारलं, "पाढे कुठवर येतात?" बाईंनी तीसपर्यंत म्हटले, मग पावकी, निमकी, सवायकी हे पाव, अर्धा नि सव्वाचे पाढे, आणि शेवटी औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, एका दमात. मुख्याध्यापिका म्हणाली, "उद्यापासून या." ट्रेनिंग झालंय का, असं कुणी विचारलं नाही. औटकी येते म्हटल्यावर आणखी काय विचारायचं?

मग शाळेवरची पाटी बदलत गेली. संस्थानाची गेली, मध्य भारताची आली. छपन्न साली तीही पुसून मध्य प्रदेशाची रंगवली. खिळा तोच राहिला आणि बाईही त्याच राहिल्या. यजमान, प्रभाकरपंत, रेकॉर्डच्या दफ्तरात कारकून होते. ते दफ्तर उचलून भोपाळला नेलं, तेव्हा पंतही फायलींबरोबर गेले. शनिवारी यायचे, सोमवारी सकाळच्या गाडीनं परत जायचे. पुढच्या वर्षी आणे जाऊन नवे पैसे आले आणि बाईंची लाडकी पावकी-निमकी अडगळीत पडली. त्याचं बाईंना वाईट वाटलं, पण ते कुणाला सांगणार? पाढ्यासाठी कुणी सुतक धरतं का?

खरा घाव त्यानंतर बसला. वरून कागद आला: मराठी वर्ग शेजारच्या हिंदी शाळेत मिळवायचे, आणि ज्यांचं ट्रेनिंग झालेलं नाही त्या मास्तर-मास्तरणींनी वर्षभर ट्रेनिंग घेऊन परीक्षा द्यायची. सगळं हिंदीत. पास झाले तर नोकरी राहील, नापास झाले तर उन्हाळ्यापासून घरी. पन्नाशी उलटलेल्यांना थोडी सवलत होती. बाई छत्तीस वर्षांच्या, त्यांना एकच संधी.

पगाराचं म्हणाल तर पंत कमवत होतेच. पण या गावात आल्यापासून त्या पुराणिकांची सून होत्या, प्रभाकरची बायको होत्या. 'बाई' त्या स्वतःच्या जोरावर झाल्या होत्या. रस्त्यात एखादी मुलगी आईचा हात सोडवून "बाई, बाई" करत धावत यायची, तेव्हा त्यांना जे वाटायचं ते सणाच्या दिवशीही वाटायचं नाही. तेच जाणार होतं. नोकरी गेली की भोपाळच्या एका खोलीत जाऊन पंतांचे डबे भरायचे, हे न बोलताही ठरलेलं होतं. पंत म्हणाले, "एवढं काय? गणित तर तुझ्या हातचा मळ." बाई म्हणाल्या, "हातचा आहे हो, पण मराठीत."

जुलैत वर्ग सुरू झाला, फ्रीगंजच्या बाजूला, पत्र्याच्या छपराखाली. शंभरेक जण, बाया कमी, बाप्ये जास्त. बाईंचा नंबर एकोणऐंशी. आता हिंदीत एकोणऐंशीला काय म्हणतात? बाईंनी डोकं चालवलं: ऐंशी आहेत, नऊ आहेत, म्हणजे नवासी. आपल्यावर खूश होऊन त्या बसून राहिल्या. कारकुनानं "उनासी, उनासी" दोनदा पुकारलं, इकडे ढिम्म. मग "नवासी" आलं तसं बाईंनी खणखणीत "हाज़िर" म्हटलं, आणि त्याच क्षणी मागून दुसरा एक आवाज "हाज़िर" म्हणाला. तराण्याकडच्या खेड्यातले मांगीलालजी मास्तर, पंचावन्नच्या पुढचे, पांढरा साफा, गळ्यात चष्म्याची दोरी. ते हात जोडून म्हणाले, "बहनजी, नवासी तो मैं हूँ." सगळा वर्ग हसला. एकोणऐंशी म्हणजे उनासी आणि नवासी म्हणजे एकोणनव्वद, हे बाईंना त्या दिवशी कळलं. कळलं म्हणजे कानानं ऐकलं. डोक्यात ते पुढे वर्षभर काही बसलं नाही.

हे एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण तिसऱ्या दिवशी गणिताचा तास आला. शिकवणारे श्रीनाथ व्यास, सगळे व्यासजी म्हणत. बाईंपेक्षा आठ वर्षांनी लहान, सडपातळ, खडूनं कोट पांढरा झालेला. त्यांनी फळ्यावर अडतीस आणि सत्तावीस एकाखाली एक मांडले. "आठ और सात पंद्रह. पाँच यहाँ लिख दिया. अब, उनासी नंबर, आप बताइए, हासिल क्या?"

बेरजेत आपण ज्याला 'हातचा' म्हणतो त्याला हिंदीत 'हासिल' म्हणतात. हे बाईंना कोण सांगणार? त्यांनी आपलं मराठी 'हशील' ऐकलं. काय हशील, म्हणजे काय उपयोग, काय फायदा. त्यांना वाटलं, वा, माणूस विचार करणारा दिसतो. बेरीज शिकवून पोराला मिळतं काय, असं विचारतोय. त्या उठल्या, पदर सारखा केला आणि गंभीरपणे म्हणाल्या, "हशील यही, सर, कि बड़ा होकर बच्चे का हिसाब कभी चुकेगा नहीं."

पत्रे हलले म्हणतात तसं झालं. आपल्याकडे चुकणं म्हणजे चूक होणं. हिंदीत हिसाब चुकणं म्हणजे देणं फिटणं. म्हणजे बाईंनी तमाम पोरांना, तुमचं देणं जन्मात फिटायचं नाही, असा शापच देऊन टाकला होता. व्यासजींनाही हसू आवरेना. "एक, बहनजी," ते कसेबसे म्हणाले. "हासिल एक." बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवसापासून बाकावर कुजबूज सुरू झाली, हशीलबाई आल्या, हशीलबाई गेल्या. बाईंनी वर्गात तोंड उघडणंच सोडलं.

रविवारी पंतांना सांगितलं तर ते इतके हसले की चहाची बशी खाली ठेवावी लागली. "अगं, पण तू उत्तर चांगलंच दिलंस की."

"तुम्हाला हसायला काय जातंय?" बाई कडाडल्या. "उन्हाळ्यात घरी बसायचं ते मला." पंतांची बशी तशीच राहिली. बाईंचा राग दुपारपर्यंत उतरला नाही.

पण व्यासजी माणूस सरळ. पुढच्या तासाला आल्या आल्या त्यांनी तोच हिशोब पुन्हा फळ्यावर मांडला. म्हणाले, "उस दिन हम सब हँसे. घर जाकर मैंने सोचा, बहनजी ने तो फ़ायदा बताया था, और सवाल वही ठीक था. यह जो एक हम ऊपर ले जाते हैं, किसलिए ले जाते हैं? कौन बताएगा?"

शंभर माणसं बसलेली, त्यातल्या कुणी दहा वर्षं शिकवलेलं, कुणी तीस. एकाला सांगता येईना. कुणी म्हणालं, कायदाच तसा आहे. मांगीलालजी उठून म्हणाले, "साहब, पैंतीस साल हो गए, किसी बच्चे ने पूछा ही नहीं."

"पूछा होगा," व्यासजी म्हणाले. "आपने डाँट दिया होगा."

पुन्हा हशा झाला, पण बाई हसल्या नाहीत. त्यांना चारच वर्षांपूर्वीची मंगला आठवली, दोन शेंड्या घालणारी, सतत नाक ओढणारी. तिनं विचारलं होतं, "बाई, एक हातात का घ्यायचा?" आणि बाईंनी पट्टी आपटून सांगितलं होतं, "घे म्हटलं की घ्यायचा." वर्गात झालेल्या हशाची लाज एका आठवड्यात विरली असती, ही लाज वेगळी होती. अकरा वर्षं आपण 'हातचा, हातचा' करत आलो आणि हातात नक्की काय असतं ते आपल्यालाच ठाऊक नव्हतं. मंगलाला शोधून माफी मागावी असं त्यांना फार वाटलं, पण तिच्या बापाची बदली होऊन ते लोक कधीच निघून गेले होते.

मग व्यासजींनी केरसुणीच्या काड्या वाटल्या. सुट्या काड्या उजवीकडे ठेवायच्या. तिथे नऊपर्यंत राहतील. दहा झाल्या की दोरा गुंडाळून जुडी बांधायची, आणि जुडीचं घर शेजारी, डावीकडे. आठ काड्या आणि सात काड्या एकत्र केल्या, दहांची जुडी बांधली, पाच उरल्या. बाईंच्या एका हातात ती जुडी होती आणि त्या तिच्याकडे बघतच राहिल्या. एवढंच होतं तर. हा हातचा. ज्यांना औटकी एका दमात येत होती, त्यांना हे छत्तिसाव्या वर्षी केरसुणीच्या काड्यांनी शिकवलं. त्या दिवशी घरी जाताना त्यांना रडूही येत होतं आणि आत कुठेतरी फार छानही वाटत होतं.

मग मात्र बाईंनी कंबर कसली. हिंदी आकड्यांची यादी चुलीवरच्या भिंतीला चिकटवली. रविवारी पंत समोर बसून परीक्षा घ्यायचे. "सत्तावन?" "सत्तावन्न." "बासठ?" "बासष्ट." "उनासी?" इथे बाई हमखास थांबायच्या. "एकोण... नव्वद?" पंत कपाळाला हात लावायचे. "अगं, तुझा स्वतःचा नंबर आहे तो." बाई म्हणायच्या, "म्हणूनच तर धसका घेतलाय."

मार्चमध्ये प्रत्यक्ष पाठ द्यायचा होता. सगळा निकाल त्याच्यावरच. मुलांच्या पुढे उभं राहून शिकवायचं, आणि मागे बाहेरगावचा निरीक्षक बसून बघणार. बाईंना गावाबाहेरच्या भैरवगढची मुलींची शाळा मिळाली, दुसरीचा वर्ग, विषय हातच्याची बेरीज. बाईंनी आकडे निवडले तेही लबाडीनं: सोळा आणि अठरा, बेरीज चौतीस. सोलह, अठारह, चौंतीस. तिन्ही आकडे दोन्ही भाषांत सख्खे भाऊ, घसरायची सोय नाही. सकाळी टांग्यातून उतरल्या तर नदीच्या काठाला छापलेलं कापड वाळत पडलेलं, लाल, काळं, आणि कारागिरांच्या ओट्यांवर घड्या घातलेल्या रुमालांच्या गड्ड्या. बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या आपल्या पुटपुटत होत्या, हासिल एक, हासिल एक.

निरीक्षक म्हणजे जाड भिंगांचे, न हसणारे गृहस्थ. शेजारी व्यासजी बसले होते. पाठ सुरुवातीला छान चालला. सहा काड्या, आठ काड्या, चौदा झाल्या. मुलींनीच दहा मोजल्या, बाईंनी दोरा गुंडाळून जुडी बांधली आणि डाव्या हातात धरली. "चार यहाँ रख दिए. और..." बस, आता तो शब्द म्हणायचा होता. पण तो ओठांवर आला तसा तो हशाही आला, पत्रे हलवणारा. आणि जिभेनं काय करावं? तिला अकरा वर्षांची सवय होती. "हातचा एक," बाई म्हणाल्या.

वर्ग बघत राहिला. मागे निरीक्षकांची पेन्सिल वहीवर चालायला लागली, तिचा आवाजही बाईंना ऐकू आला. संपलं, त्यांनी मनात म्हटलं. हिंदीच्या परीक्षेत भर वर्गात मराठी शब्द. आता चला भोपाळला.

पुढच्या रांगेत नजमा नावाची एक चुणचुणीत मुलगी बसली होती, छपाईवाल्याची. तिनं मान तिरकी करून विचारलं, "हाथ में काहे को लिया, बहनजी?"

मंगलाचाच प्रश्न होता. बाईंनी डाव्या हाताकडे पाहिलं. जुडी खरोखरच त्यांच्या हातात होती. आणि मग त्या निरीक्षकाला विसरल्या, हिंदी-मराठीही विसरल्या. "देख," त्या म्हणाल्या, "यहाँ खुली काड़ियाँ रहती हैं, नौ तक. ये दस हो गईं, बँध गईं. अब यहाँ इनकी जगह नहीं. इसलिए थोड़ी देर मेरे हाथ में. अब तू बता, इसका घर कौन-सा?"

नजमा उठली, बाईंच्या हातातून जुडी घेतली आणि सोळातल्या नि अठरातल्या दोन जुड्यांशेजारी नेऊन ठेवली. "अब्बू भी ऐसे ही करते हैं," ती म्हणाली. "दस रूमाल की गड्डी अलग, खुले अलग." मग काय, सगळ्याच पोरींना जुडी हातात धरायची होती. तास संपला तरी कुणी जागेवर बसेना.

पोरी गेल्यावर निरीक्षकांनी बोलावलं. "यह 'हातचा' शब्द कौन-सी किताब में है?"

बाईंना एखाद्या पुस्तकाचं नाव ठोकून देता आलं असतं. पण खोटं त्यांना जमायचं नाही. "किताब में नहीं, साहब. मुँह में था, निकल गया."

निरीक्षकांनी चष्मा काढून पुसला. "हमारे गाँव में माँ कहती थीं, हाथ लगा एक. मैंने कभी सोचा नहीं क्यों." एवढंच बोलले आणि वही मिटली. ते हसले नाहीत, काही सुचवलंही नाही. व्यासजींनी जाता जाता फक्त मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ लावण्यात बाईंचे दोन महिने गेले.

मे महिन्यात निकाल. पत्र्याच्या ओसरीत सगळे गोळा झालेले, उन्हानं जीव कासावीस. कारकून पास झालेल्यांचे नंबर वाचत होता, भराभर, किराण्याची यादी वाचावी तसे. बाई एका खांबाला टेकून उभ्या होत्या, नंबराची वाट बघत. "छिहत्तर, अठहत्तर, उनासी, बयासी, तिरासी..." आता येईल. "पचासी, सत्तासी..." आता. "इक्यानवे, तिरानवे..."

नवासी आलंच नाही.

हातचा नडला शेवटी, बाईंच्या मनात आलं. पट्टी, हजेरीचं पुस्तक, रस्त्यातून धावत येणाऱ्या पोरी, सगळं एकदम हातातून सुटल्यासारखं वाटलं. शनिवारी पंतांना काय सांगायचं, सामान किती न्यायचं, इथवर विचार गेला. शेजारी मांगीलालजी उभे होते. ते बराच वेळ बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "बहनजी, आप तो पास हो गईं. नवासी तो मैं हूँ."

बाईंना कळायला क्षणभर लागलं. नवासी ते. आपण उनासी. उनासी वाचलं, मघाशीच वाचलं. त्यांच्या छातीवरचा धोंडा उतरला, इतका एकदम की त्या मटकन खाली ओसरीवरच बसल्या आणि पदरात तोंड खुपसून रडल्या. मग एकदम त्यांच्या लक्षात आलं की ही बातमी देणारा माणूस नापास झालाय. त्यांनी वर पाहिलं. मांगीलालजी साफ्याचं टोक खोचत होते. "मेरा क्या," ते म्हणाले, "दो साल में रिटायर. मुझे कौन निकालता है? अक्टूबर में फिर बैठ जाऊँगा. पर आप साल भर में अपना नंबर तो याद कर लेतीं."

बाई डोळे पुसत म्हणाल्या, "अक्टूबर तक हर इतवार हमारे घर आइए. काड्या मैं देती हूँ." आणि म्हातारा खरंच यायचा. पंत, बाई आणि मांगीलालजी, तिघं जमिनीवर बसून जुड्या बांधायचे. ऑक्टोबरात ते पास झाले आणि येताना तराण्याहून गुळाची ढेप घेऊन आले.

बाईंना भैरवगढलाच नेमलं. पहिल्या दिवशी पोरींनी 'बहनजी' म्हटलं. मग मराठी घरांतल्या दोघी-तिघी 'बाई' म्हणायच्या ते ऐकून सगळ्याच 'बाई' म्हणायला लागल्या. तिथे हासिलला कुणी हासिल म्हटलं नाही. बेरीज करताना डावी मूठ मिटायची आणि म्हणायचं, हाथ का एक.

एकवीस वर्षांनी बाई रिटायर झाल्या. निरोपाला भाषण करायला उभ्या राहिल्या, हिंदी आता पाण्यासारखी वाहत होती. "आज सन उन्नीस सौ नवासी में," त्यांनी सुरुवात केली, आणि मंडपात खसखस पिकली. साल होतं एकोणऐंशी. बाई गोंधळून थांबल्या. शिक्षिकांच्या रांगेतून एक जण उठली. नजमा, दोन वर्षांपूर्वी त्याच शाळेत लागलेली.

"उनासी, बाई," ती म्हणाली. "नवासी को अभी दस साल हैं. तब तक पढ़ाइए ना."